चौदा नंबर मशीनचं गाणं

सिल्वासा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ललित,
स. न. वि. वि.

‘धागा तुटला, गाठ मारली, माणूस तुटला, काय करू?’ यातली दुसरी ओळ कागदी ट्यूबवर कोणाच्या अक्षरात होती, असं तू दिवाळीनंतर गावी निघताना मला विचारलंस. मी गप्प राहिले, आणि तू त्या गप्प राहण्याचा तुला हवा तो अर्थ लावून बसमध्ये चढलास. तीन महिने झाले. ललित, मला उत्तर येत नाही. मी काही लपवत नाहीये, खरंच येत नाही.

तू नंबर बदललास, म्हणून पत्र. शिवाय वाल्मिकदादाच्या वकिलांनी घरात सगळ्यांना बजावलंय, की मोबाईलवर ललितला एक अक्षर पाठवायचं नाही, स्क्रीनशॉट निघतात. टपालाबद्दल ते काही बोलले नाहीत. टपाल अजून चालू आहे हे बहुधा त्यांना ठाऊक नसावं.

मुंबईच्या म्युझिक कंपनीतल्या स्नेहल मॅडमनी माझ्याकडून सगळं पहिल्यापासून लिहून मागितलंय. त्यांना तुमचं गाणं एका मालिकेसाठी घ्यायचं आहे, पण त्याआधी शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे लेखी हवं. चालीवर तुम्ही दोघंही सही द्यायला तयार आहात. अडलंय ते शब्दांवर. सराव म्हणून आधी तुलाच लिहिते. चुकलं तर सांग.

तू आणि माझा सख्खा भाऊ वाल्मिकदादा धाग्याच्या कंपनीत एकाच चौदा नंबर मशीनवर. त्याची पहिली पाळी, तुझी दुसरी. दुपारी तीन वाजता पाच मिनिटं भेट. धागा गुंडाळायची एखादी कागदी ट्यूब चेपली की दादा ती बाजूला काढायचा, मार्करने तिच्यावर एक ओळ लिहायचा आणि मशीनच्या पायाशी ठेवायचा. तू रात्री अकरापर्यंत तिच्याखाली दुसरी ओळ जोडायचास. भरलेली ट्यूब डब्याच्या पिशवीतून आमच्याकडे यायची. दोन वर्षांत पलंगाखाली दोन गोण्या झाल्या. मग भावेशच्या वडिलांची गलोंडा गावातली पत्र्याची शेड मिळाली, त्याचा ड्रम आला, तुमच्या दोन गिटारी आल्या, आणि ‘भोंगा’ नावाचा बँड झाला. गेल्या दिवाळीच्या आधी त्याच शेडमध्ये दादा म्हणाला की धृपद, म्हणजे ‘माणूस तुटला, काय करू?’, त्याचं आहे, तर गीतकारही तोच. तू म्हणालास धृपद तुझं. आणि बँड संपला. इतकं सोपं दिसतं लिहिताना.

भावेश आता शेडमध्ये भावाच्या टाइल्स ठेवतो. ड्रमवर ताडपत्री आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला की त्याला कोणी काही विचारतच नाही, कारण ड्रमवाल्याच्या अक्षराला किंमत नसते. हसला, पण डोळे तसे नव्हते.

बाबा तुझं नाव काढत नाहीत, आणि आत्याचंही नाही. ते मला जास्त लागतं. आई गुडघ्याला तेल लावते आणि माझ्याकडे बघते.

पत्राच्या वर ‘दादा’ लिहिलं नाही, कारण लहानपणी तुला दादा म्हटलं की आत्या रागवायची. का रागवायची ते तुलाही माहीत आहे. त्यावरून चिडवणारं आता घरात कोणी उरलं नाही.

आत्याला नमस्कार. माया तुटू दिली नाहीस एवढंच कळव, बाकी उत्तर नसलं तरी चालेल.

तुझी मामेबहीण,
कावेरी

•

शिंदखेडा,
शनिवार, २२ फेब्रुवारी

चि. ग्रॅज्युएट कावेरीबाई यांस,
आशीर्वाद (दोन वर्षांनी का होईना, मोठा आहे).

पत्र मिळालं. पोस्टमन मला शोधत लग्नाच्या मांडवात आला, कारण मी आता तिथेच सापडतो. बँडच्या गाडीवर बँजो वाजवतो. पांढरा गणवेश आहे, खांद्यावर सोनेरी झालर. तू बघितलंस तर आठवडाभर हसशील.

एक किस्सा सांगतो. परवा दोंडाईच्याजवळ वरातीत नवरदेवाच्या मामाने माझ्या शर्टाला पन्नासची नोट टोचली आणि ‘माणूस तुटला’ वाजव म्हणाला. मी वाजवलं. तो मान हलवत राहिला, शेवटी म्हणाला की तुला जमत नाही भाऊ, मोबाईलवर नीट ऐक, मूळ गाणं वेगळं आहे. मी हो म्हणालो. मूळ गाणं वेगळंच आहे.

तू लिहिलंयस ते बरोबर, पण एक दिवस सोडलास. काळूचा हात मशीनमध्ये गेला तो दिवस. आपला खानवेलचा काळू, ट्यूबा पुरवणारा. तीनचा भोंगा वाजत होता, मी आत येत होतो, वाल्मिक निघत होता. ती ओळ त्या दिवसाची आहे. काळूचा हात बघितल्यावर माझ्या डोक्यात ती आली, कुठून आली ते मला पाठ आहे, मशीनचा आवाजसुद्धा पाठ आहे. वाल्मिक म्हणतो त्यानेच काळूला रिक्षात घातलं, म्हणून ओळ त्याची. रिक्षात घालणाऱ्याची ओळ होत असेल, तर रिक्षावाल्याची का नाही?

पैसे त्याने सगळे घ्यावेत. हे मी शेडमध्येही बोललो होतो, कोणाला ऐकू आलं नाही. पण ती ओळ माझी आहे. माझ्याजवळ सांगायला दुसरं काही नाही, कावेरी. दहावी नापास, बोटांना धाग्याचे चिरे, आणि एक ओळ.

ट्यूबा बाहेर काढ. अक्षर बघ. माझा ‘म’ कसा वाकडा असतो ते तू शाळेपासून बघितलंयस. एवढ्यावर सगळं मिटेल.

आई बरी आहे. आखाजीच्या सणाला माहेरी जायला किती दिवस राहिले ते मोजते, मोठ्याने नाही.

नातं आहे तसं असू दे.

तुझा,
ललित

•

सिल्वासा,
रविवार, ९ मार्च

प्रिय ललित,
स. न. वि. वि.

ट्यूबा नाहीत.

हे दोन शब्द लिहायला मला पंधरा दिवस लागले. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेनंतर मी सगळ्या ट्यूबा एका लांब वहीत उतरवून काढल्या, निळ्या शाईत, समास आखून. तुम्ही दोघांनी ती वही बघून केवढी वाहवा केलीत. शेडमध्ये सराव त्याच वहीवरून व्हायचा. मग पावसाळा आला, लाकडं ओली होती, आणि आईने विचारलं की त्या गोण्या पाणी तापवायला घेऊ का. मी हो म्हटलं. मी, ललित. शाळेत शिकवलं होतं, की पक्कं झालं की कच्चं टाकून द्यायचं. आपल्या घरात कच्चं-पक्कं करणारं दुसरं कोणी नव्हतं, मग मला अडवणार कोण? जुलैभर आम्ही तुमच्या गाण्यांवर आंघोळी केल्या.

आता जगात तुमची गाणी फक्त माझ्या अक्षरात आहेत. स्नेहल मॅडम म्हणाल्या, की मग तुम्हीच साक्षीदार. प्रतिज्ञापत्र लिहून द्या, ते आम्हाला चालेल.

म्हणून घर माझ्या मागे लागलंय. दादाने जानेवारीत नोकरी सोडली, या गाण्याच्या भरवशावर. गिटार मांडीवर घेऊन दारात बसतो आणि तारा न छेडता बोटं फिरवतो. तो खोटं बोलतोय असं मला म्हणता येत नाही. त्यालाही तो दिवस तसाच पाठ आहे: काळूचा हात, तीनचा भोंगा, आणि रिक्षातून परत येऊन मशीनला टेकून लिहिलेली ओळ. तो सांगताना रडला. तू लिहितानाही रडला असशील. दोन माणसं एकच गोष्ट इतकी खरी कशी सांगतात?

मी म्हटलं, दोघांची नावं घालू. दादा म्हणाला की अर्धी भाकरी खाता येते, अर्धी ओळ लिहिली असं कोणी सांगत नाही. मग मला म्हणाला, की तुझं सासर शिंदखेड्याला ठरलेलंच दिसतंय, म्हणून पेन उचलत नाहीस. आईने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. दोघंही उपाशी झोपले.

बाबांनी मात्र आवाज चढवला नाही. ते भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या फोटोखाली बसले आणि म्हणाले, की घरात एकच शिकलेली आहेस, तू लिहिशील ते खरं. ललित, मला वाटायचं की शिकलं की खरं काय ते कळतं. तसं नाही. शिकलं की लोक आपलं खरं मानतात, एवढंच.

दादा काल म्हणाला, की आखाजीला मुराळी म्हणून तो येणार नाही. दर वर्षी आत्याला माहेरी आणायला तोच जातो. बाबा ऐकत होते. नाही म्हणाले नाहीत.

ट्यूबांबद्दल तुला राग येईल. यावाच. पण आल्यावर लिही.

कावेरी

•

शिंदखेडा,
गुरुवार, २७ मार्च

चि. कावेरीस सरुबाई आत्याचा आशीर्वाद.

हे पत्र शेजारची सोनी लिहिते. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिही पोरी, कावेरीसारखं सुधरून लिहू नको.

ललित बोलत नाही. तुझं पत्र आलं तसा खाटेखाली ठेवून दिला नि कामाला निघून गेला. (आत्या ‘ठेवून दिला’ म्हणाली, मी तसंच लिहिलं. सोनी.) मी सोनीकडून वाचून घेतलं, राग मानू नको. ट्यूबा जाळल्या त्याचं काय वाईट वाटून घेते? कागद जळतोच. मी तर तुझ्या आजीची लुगडी जाळली.

मी नथ्याला, तुझ्या बापाला, लहानाचं मोठं केलं. आई शेतात, मी नऊ वर्षांची, तो कडेवर. तो सिल्वाशाला गेला तेव्हा गावचं घर बंद झालं. माझं माहेर म्हणजे तुमची ती एक खोली आणि मागची मोरी. वर्षाचे आठ दिवस मी तिथे पाय पसरून बसते, तुझी आई मला काही करू देत नाही. ते आठ दिवस गाण्यात गेले का?

तुझ्या बापाला माझा शब्द सांग, माझ्या बोलीत सांग: माले गाणं नको, पैसा नको, माले मना भाऊ जोयजे.

कोणाची ओळ आहे ते मला नाही कळत. तुला कळत असेल तर लवकर लिही. नसेल कळत तर कोणाचंही नाव लिही, पण लिही. आखाजीला महिना राहिला.

पापड केलेत. कोण नेणार ते बघू.

तुझी आत्या

•

शिंदखेडा,
रविवार, ६ एप्रिल

कावेरी,

ट्यूबांचा राग आठ दिवस होता. मग आठवलं, दुधनीला धरणाकाठी आपण गाण्याचा व्हिडिओ करत होतो तेव्हा तू होडीत बसून वही छातीशी धरली होतीस. वारा होता. तू म्हणालीस की मी पडले तरी चालेल, वही भिजता कामा नये. अशा मुलीवर किती दिवस रागावणार?

आता ऐक. वाल्मिकचं नाव लिही.

आई रोज संध्याकाळी दाराच्या चौकटीला टेकून बसते आणि रस्त्याकडे बघते. मुराळी महिनाभर आधी येत नाही हे तिला कळतं. तरी बघते. वाल्मिकने नोकरी सोडली, त्याला गाणं लागेल. माझा बँजो चालू आहे, लगनसराई आहे, पोटाला मिळतं. मी वर सही करून देतो, की माझी हरकत नाही. कागद याच पाकिटात आहे.

फक्त एक कर. मला ते प्रतिज्ञापत्र वाचायला पाठवू नकोस. आणि यापुढे मला कधी लिहायला सांगू नकोस. ओळी येतात अजून, वरातीत चालता चालता येतात. मी त्यांना जाऊ देतो.

आईला मी हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

सुखी राहा.

ललित

•

सिल्वासा,
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय ललित,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मला फार हलकं वाटलं. कागद तयार होता, वकिलांनी टाइप करून ठेवलेला, फक्त माझी सही. घरात शिरा झाला. बाबांनी दादाला विचारलं, की शिंदखेड्याची गाडी किती वाजता सुटते. सगळं जागेवर येत होतं.

पण शपथेवर लिहायचं म्हणून एकदा काळूला भेटावं असं वाटलं. बसने खानवेलला गेले. त्याचं घर उतारावर आहे. उजवा हात मनगटापासून वाकडा राहिला आहे, आता तो शेळ्या राखतो. मी ओळ कोणाची असं विचारलं तेव्हा त्याने तो वाकडा हात माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, की त्या दिवशी कोणी लिहायला कुठे मोकळं होतं? तू खालची चेपलेली ट्यूब उचललीस आणि त्याच्या हाताला टेका म्हणून लावलीस, दादाने धाग्याने ती बांधली. दवाखान्यात ती सोडवून बाजूला टाकली, आणि दादाने डब्याच्या पिशवीत भरली. पुढे तो हसून म्हणाला, की हात माझा गेला आणि भांडण तुमचं होतंय. ते हसणं मी बसमध्ये बरोबर घेऊन आले.

ललित, ती ट्यूब मला आठवते. तिच्यावर वर ‘दोरा तुटना, गाठ मारी’ असं होतं, आपल्या अहिराणीत. ते मीच वहीत ‘धागा तुटला, गाठ मारली’ असं केलं, कारण मला ते पुस्तकासारखं दिसायला हवं होतं. आणि त्याच्याखाली तपकिरी डाग होता. मी तो मशीनच्या तेलाचा समजले. डागाखाली काही अक्षरं होती की नव्हती, मला सांगता येत नाही. एक ‘म’ होता असं वाटतं. वाकडा होता का? वाटतं, पण तू सांगितल्यापासून वाटतं. ओळ अपुरी होती, वहीत जागा मोकळी सोडवेना. काळूची गोष्ट घरात रोज चालली होती. मी डाग खिडकीशी धरला, आणि लिहिलं: माणूस तुटला, काय करू?

मी वाचलं की मी लिहिलं, हे मला माहीत नाही. तुम्ही दोघांनी वही बघितली आणि दोघंही म्हणालात की हो, असंच होतं. तिथून तुम्हाला आठवायला लागलं असेल. किंवा खरंच तुमच्यातल्या कोणाचं असेल. तीन माणसं आहोत, आणि तिघांकडेही तोच एक दिवस आहे.

मी हे आधी का सांगितलं नाही? तूही विचारशील, दादाने तर विचारलंच. माझ्या अक्षराला घर मान देत होतं, आणि तो मान मला आवडत होता. दुसरं कारण नाही.

काय होणार ते मला ठाऊक होतं. स्नेहल मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की शब्दांबद्दल शंका लेखी आली तर गाणं घेता येणार नाही. दादाने नोकरी सोडलेली, तू दिलेली सही पाकिटात, बाबा गाडीची वेळ पुन्हा पुन्हा विचारणारे, आणि आत्याचे पापड. एक सही केली असती तर सगळ्यांचं झालं असतं. मीही तसंच ठरवलं होतं. पण मग जन्मभर दादा ती ओळ आपली म्हणून गायला असता, तू वरातीत ती परकी म्हणून वाजवली असतीस, आणि खाली माझी शपथ असती. तू ओळींना जाऊ देतोस असं लिहिलंस. ते वाक्य मी सहन करू शकले नाही. नाव सोडलंस ते तुझ्या हातात होतं, लिहिणं सोडायला मात्र मी कारण झाले.

हे खरेपण फार महाग आहे, आणि त्याची किंमत मी एकटी देत नाहीये हे मला कळतं. दादा शुक्रवारी भावेशच्या शेडमध्ये राहायला गेला. जाताना गिटार नेली नाही. बाबा माझ्याशी बोलतात, पण आता मला काही वाचायला सांगत नाहीत. विजेचं बिलसुद्धा ते शेजारच्या मुलाकडून वाचून घेतात. आत्याचा निरोप मी त्यांना तिच्या बोलीत सांगितला. ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. आखाजी बुधवारी आहे. मुराळी निघालेला नाही.

वकिलांचा कागद मी परत दिला आणि नवा स्टॅम्प पेपर आणला. माझ्या हाताने लिहिला. ट्यूबा जाळल्याचं, शब्द बदलल्याचं, डागाचं, काळू जे म्हणाला त्याचं, सगळं घातलं. शेवटी असं आहे, की ही ओळ वाल्मिकची असेल, ललितची असेल, किंवा माझी असेल. मला सांगता येत नाही, आणि ती माझी असल्यास मला तिच्यावर हक्क नको. तुझी सही पाकिटासकट या पत्रात परत ठेवली आहे. हेच सगळं दादालाही लिहून शेडमध्ये नेऊन दिलं.

लिहिताना एका जागी मी चुकून ‘वाचलं’ लिहिलं होतं, ते खोडून ‘लिहिलं’ केलं, मग तेही खोडलं. नोटरीबाबू म्हणाले की खाडाखोड बरी दिसत नाही, दुसऱ्या कागदावर नीट उतरवून आणा. मी म्हटलं, नाही, हे असंच जाईल. त्यांनी प्रत्येक खाडाखोडीपुढे माझी सही घेतली.

काल, शनिवारी, पोस्ट उघडताच मी ते स्नेहल मॅडमच्या नावाने रजिस्टर केलं. पावती वहीत ठेवली आहे, त्या गाण्याच्या पानावर.

रागावलास तरी परका होऊ नकोस.

कावेरी